ग्रंथ वडिलांचे, कमाई मुलीची : न्यूयॉर्कमधील स्थलांतरित ज्यू मुलींचा स्वातंत्र्याचा झगडा

वैशाखी (धागाकर्ती)

पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुलींनी घरच्या परंपरेशी जो झगडा केला, त्याकडे बहुधा धर्मश्रद्धा विरुद्ध आधुनिकता याच नजरेने पाहिले जाते. मुलीने प्रार्थना सोडली, केस कापले, परक्या चालीरीती उचलल्या आणि वडिलांनी तिचे नाव टाकले, अशी ती कथा सांगितली जाते. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते येथे चर्चेसाठी मांडते. या मुली स्वातंत्र्य मागू शकल्या त्या कमाईच्या बळावर, आणि कमावण्याची मुभा त्यांना त्याच परंपरेने दिली होती. बाईने कमवावे याला घरात कोणाचाच विरोध नव्हता. त्या पैशाचे काय करायचे हे तिने स्वतः ठरवावे, याला मात्र होता.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. 1881 साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली, त्यानंतर ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले आणि 1882 च्या कायद्यांनी ज्यूंना खेड्यांत नव्याने राहण्यास मनाई केली. जगण्याची साधने आक्रसत गेली. तेव्हापासून 1924 च्या कायद्याने अमेरिकेची दारे जवळजवळ बंद होईपर्यंत 20 लाखांहून अधिक ज्यू पूर्व युरोपातून अमेरिकेत गेले आणि त्यांतील फार मोठा हिस्सा न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, हेस्टर, ऑर्चर्ड, रिव्हिंग्टन अशा रस्त्यांवरच्या कोंदट चाळवजा इमारतींत राहिला.

हे लोक ज्या गावांतून आले, तेथे पुरुषाचा आदर्श हा तालमूद (ज्यू धर्मनियमांवरील चर्चांचा ग्रंथ) वाचणारा विद्वान होता. सगळेच पुरुष विद्वान होते असे नाही. बहुतेक जण शिंपी, चांभार, फेरीवाले असेच होते, पण प्रतिष्ठेची मोजपट्टी विद्वत्तेची होती. ऐपत असलेला सासरा विद्वान जावयाला लग्नानंतर काही वर्षे आपल्या घरी जेवूखाऊ घालत असे, म्हणजे त्याच्या अध्ययनात खंड पडू नये. नंतर तो भार बायकोवर येई. बाजारात दुकान मांडणे, शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत घासाघीस करणे, उधारीचा हिशोब ठेवणे ही बायकांची कामे होती. शुक्रवारी संध्याकाळी पती आपल्या पत्नीसाठी बायबलमधील नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायातील जे स्तवन म्हणतो, त्यातली गुणवती स्त्री शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, कमरपट्टे विणून व्यापाऱ्याला विकते. आणि तिचा पती वेशीपाशी वडीलधाऱ्यांमध्ये बसलेला असतो. धर्मग्रंथानेच घालून दिलेली ही श्रमविभागणी आहे.

अमेरिकेत आल्यावर ही घडी विस्कटली. वेशीपाशी बसण्याला तेथे किंमत नव्हती. लग्न झालेल्या बाईने कारखान्यात जाणे कमीपणाचे मानले जाऊ लागले, म्हणून आईने घरात भाडोत्री ठेवायचे, त्यांचा स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे आणि रात्री शिवणकाम उरकायचे. रोख पगार आणण्याची जबाबदारी अविवाहित मुलींवर आली. तयार कपड्यांच्या धंद्याला हातांची गरज होती आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुली त्यात शिरल्या. अनेक घरांत थोरल्या मुलीच्या पगारातून मागे राहिलेल्या भावंडांच्या बोटीची तिकिटे निघाली आणि धाकट्या भावाचे शिक्षण झाले.

मुलगी पगाराचे पाकीट न उघडता आईच्या हाती देत असे, आणि तिला त्यातून ट्रामचे भाडे व जेवणापुरते पैसे परत मिळत. मुलग्यांना आपल्या पगारातला काही भाग स्वतःकडे ठेवण्याची अधिक मोकळीक होती. मला सर्वांत बोलके वाटते ते हे पाकीट. संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जाण्याची इच्छा, नव्या टोपीची हौस, मध्यस्थाने आणलेल्या स्थळाला नकार, भाड्याने स्वतःची वेगळी खोली घेण्याचा विचार, या प्रत्येक गोष्टीची वाट त्या पाकिटातून जात होती.

एक उदाहरण देते. क्लारा लेमलिक हिचा जन्म 1886 साली युक्रेनमधील गोरोदोक येथे एका धर्मनिष्ठ घरात झाला. सरकारी शाळेत ज्यू मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून निषेध म्हणून वडिलांनी घरात रशियन भाषेला बंदी घातली होती. या मुलीने बटणांची काजे शिवून, अमेरिकेतील मुलांना निरक्षर आयांची पत्रे लिहून देऊन पैसे साठवले आणि त्यांतून रशियन पुस्तके घेतली. वडिलांना ती पुस्तके स्वयंपाकघरात सापडली आणि त्यांनी ती जाळून टाकली. तिने पुन्हा पैसे साठवले आणि पुन्हा पुस्तके आणली. वडिलांची बंदीही एका अन्यायाविरुद्धच होती, हे मी विसरत नाही. पण त्या अन्यायाची भरपाई मुलीने आपल्या अज्ञानाने करावी, ही अपेक्षा मला सहन होत नाही.

आपणा सर्वांची मते वाचण्यास उत्सुक आहे.

मनोहरपंत

वैशाखीताई, लेख अतिशय आवडला. एका बाबीकडे मात्र लक्ष वेधतो. या इतिहासात वडील नेहमीच जुलमी म्हणून उभे केले जातात आणि त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही. ज्या माणसाने पन्नाशीपर्यंतचे आयुष्य एका विद्येत घातले, ज्याच्याकडे गावातले लोक शंका घेऊन येत, तो माणूस समुद्र ओलांडल्याबरोबर कुचकामी ठरतो. नव्या देशाची भाषा त्याला येत नाही आणि त्याच्या मुलीला येते. घरमालकाशी, डॉक्टरशी, शाळेशी बोलताना ती दुभाषी असते. अशा माणसाने शब्बाथचे (शनिवारच्या पवित्र विश्रांतीदिनाचे) दिवे, अन्नाचे नियम आणि मुलीचे लग्न या तीनच गोष्टी घट्ट धरून ठेवल्या तर त्यात सत्तेची हाव आहे, असे मला म्हणवत नाही. हातात तेवढेच उरले होते. त्याच्या दृष्टीने मुलगी दूर जाते तेव्हा हजारो वर्षांच्या साखळीची एक कडी त्याच्या डोळ्यांदेखत निखळते, आणि त्याचा जाब त्याला द्यायचा आहे.

वैशाखी (धागाकर्ती)

मनोहरपंत, आपले म्हणणे मला मान्य आहे आणि त्यात मी भरच घालीन. अमेरिकेतील कारखाने शनिवारी चालू असत आणि रविवारी दुकाने बंद ठेवण्याचे कायदे होते. शब्बाथ पाळणाऱ्याने शनिवारी काम सोडावे तर नोकरी जाई, आणि स्वतःचे दुकान रविवारी उघडावे तर पोलीस येत. म्हणजे वडिलांनाही रोजच धर्माशी तडजोड करावी लागत होती. अनेक पुरुषांनी शनिवारी हातगाडी ढकलली आणि ती खंत आयुष्यभर वागवली.

पण मला याच जागी अडायला होते. वडिलांनी परिस्थितीपुढे केलेल्या तडजोडीला घरात नाइलाज म्हणत आणि मुलीने केलेल्या तडजोडीला बंडखोरी. शनिवारी शिवणयंत्रावर बसून मुलीने आणलेला पगार घर चालवत होता, तेव्हा कोणी तो परत केला नाही. त्याच मुलीने शनिवारी व्याख्यानाला जायचे म्हटले की शब्बाथ आठवत असे. वडिलांच्या दुःखाविषयी मला मनापासून सहानुभूती आहे, तरीही त्या दुःखाची किंमत एकट्या मुलीने चुकवावी हे न्याय्य वाटत नाही.

‘फॉरवर्ट्स’ या यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची बोलभाषा) दैनिकाने 1906 पासून वाचकांच्या पत्रांचे जे सदर चालवले, त्यात आईवडील आणि मुले यांच्यातील अशा मतभेदांची पत्रे येत. संपादक अब्राहम काहान हे स्वतः समाजवादी होते, तरी श्रद्धाळू आईबापांना दुखवू नये, घरात त्यांचा मान राखावा, असा मवाळ सल्ला त्या सदरात वारंवार दिसतो. आपण मांडलेली बाजू तेव्हाच्या पुरोगामी माणसांनाही कळत होती.

प्राचीगंध

मी शिक्षिका आहे, त्यामुळे मला या विषयात शिक्षणाचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो आणि मूळ लेखात तो थोडक्यात आटोपला आहे.

मुलीला तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, शिकवावी की नाही, हा वाद फार जुना आहे. मिश्ना या प्राचीन ज्यू नियमसंहितेतील सोटा या प्रकरणात बेन अझ्झाई म्हणतो की पित्याने मुलीला तोरा शिकवलीच पाहिजे, आणि तेथेच रब्बी एलिएझर म्हणतो की जो मुलीला तोरा शिकवतो तो तिला जणू उच्छृंखलपणा शिकवतो. ग्रंथात दोन्ही मते शेजारी शेजारी नोंदलेली आहेत, परंतु व्यवहारात शतकानुशतके दुसऱ्या मताचे पारडे जड राहिले. मुलगे लहानपणापासून हिब्रू पाठशाळेत जात. मुलींना प्रार्थनेपुरती अक्षरओळख आणि यिडिशमधील भक्तिपर वाचन एवढे पुरेसे मानले जाई.

याचा परिणाम कोणाच्याही ध्यानीमनी नव्हता असा झाला. मुलींच्या धार्मिक शिक्षणाकडे कोणाचे लक्षच नसल्यामुळे त्यांच्या लौकिक शिक्षणावर पहाराही ढिला राहिला. गॅलिशियात (आजच्या दक्षिण पोलंड आणि पश्चिम युक्रेनच्या भागात) ऑस्ट्रियन राजवटीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते. धर्मनिष्ठ घरांतले मुलगे पाठशाळेत राहिले आणि मुली मात्र पोलिश शाळांत गेल्या, पोलिश कविता वाचू लागल्या. लग्नाच्या वेळी पाठशाळेबाहेरचे जग न पाहिलेला मुलगा आणि पोलिश साहित्यात रमलेली मुलगी समोरासमोर येत. मुली घराबाहेर का पडल्या, याचे निम्मे उत्तर या एका व्यवस्थेत आहे असे मला वाटते. ज्या ज्ञानाला घरात सर्वोच्च मान होता त्याची कवाडे तिला बंद होती. मग जे ज्ञान खुले होते तिकडे ती गेली. यात तिचा दोष काय?

हे सर्वांत अचूक ओळखले ते सारा शेनिरेर या पोलंडमधील क्राकूव शहरातल्या स्त्रीने. ती शिवणकाम करून पोट भरत असे. आपल्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या मुली देहाचे माप काटेकोरपणे देतात आणि आत्म्याकडे कोणी पाहत नाही, ही तिची खंत होती. 1917 साली तिने मुलींसाठी धार्मिक शाळा काढली आणि त्यातून बेस याकोव्ह या नावाचे शाळांचे जाळे उभे राहिले. तिचा हेतू मुलींना परंपरेत राखण्याचा होता, पण त्यासाठी तिला जुन्या प्रथेच्या विरोधात जाऊन मुलींना पवित्र ग्रंथ शिकवावे लागले. म्हणून वैशाखीताईंच्या मांडणीत मी एवढीच दुरुस्ती सुचवीन की पगाराच्या पाकिटाइतकेच पुस्तकही या झगड्याचे कारण होते. त्यांनी दिलेल्या क्लाराच्या उदाहरणातही वडिलांनी जाळली ती पुस्तकेच होती.

नवगावकर

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी भाषक ज्यूंपैकी, आहे. आमचे पूर्वज कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले असे आम्ही मानतो, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली ही आमची जुनी ओळख आहे. आमच्या घरांतील गोष्ट न्यूयॉर्कपेक्षा निराळी आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

आमच्याकडे तालमूद वाचत बसणाऱ्या विद्वानांचा वर्ग कधी नव्हताच. त्यामुळे बाप ग्रंथात आणि मुलगी कामावर, असा पेच आमच्याकडे त्या स्वरूपात आला नाही. मुंबईत स्थिरावल्यावर आमच्या समाजातील मुली शाळांत गेल्या आणि शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर झाल्या. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. 1890 साली जन्मलेल्या झिराड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, सरकारी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला गेल्या, 1919 साली लंडनहून प्रसूतिशास्त्रात एम.डी. झाल्या, आणि पुढे अनेक वर्षे कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आयुष्यातला या धाग्याशी थेट जोडलेला भाग फार कमी लोकांना माहीत असतो. लंडनमध्ये त्यांचा उदारमतवादी ज्यू चळवळीशी संबंध आला. ती चळवळ उभी करणाऱ्यांत लिली माँटेग्यू होत्या, आणि त्यांना स्वतःच्या कर्मठ वडिलांचा विरोध पत्करून ते काम करावे लागले होते. परत आल्यावर झिराड यांनी 1925 साली मुंबईत ज्युइश रिलिजस युनियनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. म्हणजे समुद्रापार जाऊन आलेल्या या मुलीने धर्म सोडला नाही, तर उपासनेची नवी जागा निर्माण केली.

1948 नंतर आमचे बहुसंख्य लोक इस्राएलला गेले आणि लोद, अश्दोद, बीरशेवा, दिमोना येथे वसले. माझ्या आईच्या पिढीतील मुलींना तेथे सैन्यसेवा, कारखान्यातले काम आणि इतर देशांतून आलेल्या ज्यू तरुणांची ओळख हे सगळे एकदमच भेटले. आता आईवडिलांना विचारल्यावाचून लग्न ठरवता येईल, असे त्यांना वाटू लागले असतानाच तेथील धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या वंशशुद्धीविषयी शंका काढली. इस्राएलमध्ये ज्यूंचा विवाह धर्मपीठाच्या हाती असतो, नोंदणी विवाहाची सोय नाही. इतर ज्यूंशी विवाह करू इच्छिणाऱ्या आमच्या मुलामुलींना पूर्वजांची चौकशी सोसावी लागली. 1964 साली जेरुसलेममध्ये आमच्या लोकांनी आंदोलन केले, संसदेला त्यात लक्ष घालावे लागले आणि त्यानंतर ते निर्बंध बदलले गेले.

त्या आंदोलनात आमच्या मुली आईवडिलांच्या बरोबरीने उभ्या होत्या. घरात जिच्याशी लग्नावरून वाद चालू होता, तिच्याच लग्नाच्या हक्कासाठी बाप उन्हात धरणे धरून बसला होता. आपली परंपरा अस्सल आहे, हे बाहेरच्याला सिद्ध करून दाखवण्याची वेळ आली की घरातले भांडण मागे पडते, आणि मग ते कधी पुरते लढलेच जात नाही. आमच्या कितीतरी बायकांच्या वाट्याला हे आले आहे. त्यावर कोणी फारसे लिहिलेले नाही, याचे मला वाईट वाटते.

गिरणगावचा अनिरुद्ध

नवगावकर, आपल्या प्रतिसादातील शेवटचा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि आपण तो लिहावा, अशी विनंती करतो.

मूळ लेखाविषयी मला असे म्हणायचे आहे की मुलीच्या स्वातंत्र्याची चर्चा घराच्या चार भिंतींत संपत नाही. पाकीट आईच्या हाती गेले काय किंवा मुलीकडे राहिले काय, त्यात मुळात किती पैसे आहेत हे मालक ठरवत होता. 22 नोव्हेंबर 1909 रोजी न्यूयॉर्कमधील कूपर युनियनच्या सभागृहात शर्टवेस्ट (बायकांचे ब्लाउज) शिवणाऱ्या कामगारांची सभा झाली. मोठमोठ्या पुढाऱ्यांची लांबलचक भाषणे चालू असताना हीच क्लारा लेमलिक उठली आणि यिडिशमध्ये तिने सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. वीस हजारांहून अधिक कामगार संपावर गेले. त्यांत बहुसंख्य तरुण ज्यू मुली होत्या. थंडीच्या दिवसांत त्यांनी पोलिसांचा आणि भाडोत्री गुंडांचा मार खाल्ला आणि फेब्रुवारी 1910 पर्यंत बहुतेक कारखान्यांना तडजोड करणे भाग पाडले. ट्रँगल या शर्टवेस्ट बनवणाऱ्या कंपनीने मात्र युनियनला मान्यता दिली नाही. 25 मार्च 1911 रोजी तेथे आग लागली तेव्हा एक दार कुलूपबंद होते. 146 माणसे मेली आणि त्यांत 123 स्त्रिया होत्या. कितीतरी घरांत त्या दिवशी कमावती मुलगीच गेली.

त्या सभेतला एक तपशील वैशाखीताईंच्या मताला बळ देतो. ठराव संमत झाल्यावर अध्यक्षांनी जुनी ज्यू शपथ घ्याल का, असे विचारले आणि हजारोंनी हात वर करून शपथ घेतली की या कार्याशी मी द्रोह केला तर हा वर केलेला हात झडून जावो. ‘हे यरुशलेमा, मी तुला विसरलो तर माझा उजवा हात लुळा पडो’ या स्तोत्रातील वचनावर ती बेतलेली आहे. ज्या मुलींना सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, वेगळ्या सज्ज्यात बसवले जात होते, त्यांनी संपासाठी स्तोत्राची शपथ घेतली. परंपरेतून बाहेर पडणाऱ्यांची ही भाषा नाही. परंपरेतले आपल्या हक्काचे जे आहे ते त्यांनी उचलले.

वैशाखी (धागाकर्ती)

अनिरुद्ध, ही शपथ मी मूळ लेखात घ्यायला हवी होती इतकी ती या विषयाच्या गाभ्याची आहे. तिच्याच जोडीची आणखी एक घटना सांगते, आणि ती मुलींची नसून त्यांच्या आयांची आहे. मे 1902 मध्ये कोशर (धर्मनियमांनुसार चालणाऱ्या) मांसाचा भाव पौंडाला 12 सेंटवरून 18 सेंट झाला, तेव्हा लोअर ईस्ट साइडच्या गृहिणींनी बहिष्कार पुकारला. शनिवारी त्या सिनेगॉगमध्ये शिरल्या आणि त्यांनी तोरावाचन थांबवून आपले गाऱ्हाणे मांडले. अन्याय झालेल्या माणसाला वाचन रोखून दाद मागण्याची मुभा जुन्या रिवाजात आहे, तिचाच त्यांनी आधार घेतला. सात वर्षांनंतर कूपर युनियनमध्ये उभ्या राहिलेल्या काही मुलींनी आपल्या घरातील बायकांना हे करताना पाहिले असेल, असे मला वाटते. आपण मुलींच्या बंडाबद्दल बोलताना आईला नेहमी बापाच्या सावलीत ठेवतो, आणि तेथे आपण तिच्यावर अन्याय करतो.

प्राचीगंध, पुस्तकाबद्दलची आपली दुरुस्ती मी स्वीकारते. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, कारण पुस्तक विकत घ्यायला पैसे लागत होते आणि संध्याकाळच्या वर्गाला जाण्यासाठी संध्याकाळ मोकळी असावी लागत होती. संपातून बहुतेक कारखान्यांत आठवड्याचे काम 52 तासांवर आले, याचा अर्थ वाचनाला वेळ मिळाला असाही होतो.

प्राचीगंध

एक प्रश्न राहतो. या मुलींची लग्ने झाल्यावर काय झाले? कमाईवर उभे राहिलेले स्वातंत्र्य लग्नानंतर कमाई थांबली की टिकले का?

वैशाखी (धागाकर्ती)

बहुतेकींचे फारसे टिकले नाही, असेच म्हणावे लागते. लग्नानंतर कारखाना सुटला आणि पाकीट नवऱ्याचे झाले. कामगार पुढारी रोझ श्नायडरमन यांच्या आईला भीती होती की युनियनच्या कामात गुंतलेल्या या मुलीचे लग्नच होणार नाही, आणि तसेच घडले. त्यांनी सारे आयुष्य कामगार स्त्रियांच्या संघटनेला दिले. क्लारा लेमलिकने 1913 साली लग्न केले. संपानंतर कारखानदारांनी तिला काळ्या यादीत टाकलेच होते. मग तिने आपल्यासारख्याच गृहिणींची संघटना बांधली आणि 1935 साली मांसाच्या महागाईविरुद्ध मोठा बहिष्कार उभारला. पगार नसलेल्या बाईजवळही खरेदी न करण्याची ताकद असते, हे तिने ओळखले होते. तरीही तिच्यासारख्या थोड्या. ज्यांनी दहा-बारा वर्षे भावांच्या शिक्षणासाठी शिवणयंत्र चालवले आणि नंतर दुसऱ्या घरात जाऊन पुन्हा भाडोत्र्यांचा स्वयंपाक केला, त्या बायकांची संख्या कितीतरी मोठी आहे. त्यांनी आपल्या मुलींना मात्र कारखान्यात पाठवले नाही. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात मुलींना फी नव्हती, तेथे पाठवले. पुढच्या पिढीत शहराच्या सरकारी शाळांमधून ज्यू शिक्षिकांची संख्या एवढी वाढली ती याच आयांमुळे.